आवाज तोच, स्टुडिओ तोच, मग ‘मिस्टर बॅड गाय’ फिका का?

प्रश्न: ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडची गाणी शाळेपासून ऐकत आलोय. अलीकडे त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा पहिला स्वतंत्र अल्बम ‘मिस्टर बॅड गाय’ सलग ऐकला आणि फार निराश झालो. आवाज तोच, निर्माता तोच, स्टुडिओसुद्धा तोच. मग एवढा फरक कशामुळे पडला? आमच्या बँडचा गायकही सध्या स्वतःचा वेगळा अल्बम करायचं म्हणतोय, म्हणून जरा खोलात जाऊन सांगाल का?

उत्तर: आवाजात काहीही कमी नाही, हे आधी सांगून टाकतो. हा अल्बम झाला तेव्हा फ्रेडी छत्तीस ते अडतीस वर्षांचा होता आणि गळ्यावर त्याची पूर्ण हुकमत होती. त्यातल्या ‘मेड इन हेवन’ या गाण्यात तो वरच्या स्वरांवर ज्या जोमाने चढतो, ते ऐकून आजही अंगावर काटा येतो. गाणीही तुम्हाला वाटतात तेवढी कच्ची नाहीत. दोष कुठे आहे ते शोधायचं तर आवाज बाजूला ठेवून त्याच्या भोवती काय वाजतंय ते ऐकावं लागतं. मी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं काम करतो, त्यामुळे कान आपोआप तिकडेच जातो.

‘तोच निर्माता, तोच स्टुडिओ’ हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. म्युनिकमधल्या अराबेला इमारतीच्या तळघरात म्युझिकलँड नावाचा स्टुडिओ होता. डिस्को संगीताचा निर्माता जॉर्जिओ मोरोडर याने तो सुरू केला होता. राइनहोल्ड मॅक हा तिथला ध्वनिमुद्रक आणि निर्माता. क्वीनचे ‘द गेम’ (१९८०), ‘हॉट स्पेस’ (१९८२) आणि ‘द वर्क्स’ (१९८४) हे तिन्ही अल्बम मॅकसोबत झाले. ‘मिस्टर बॅड गाय’चं काम १९८३ च्या सुरुवातीला याच तळघरात सुरू झालं, जानेवारी १९८५ मध्ये संपलं आणि २९ एप्रिल १९८५ ला अल्बम बाजारात आला. निर्मितीत मॅक आणि फ्रेडी दोघांची नावं आहेत. ब्रिटनमध्ये अल्बम विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत मात्र १५९ वर अडकला. पहिलं सिंगल, म्हणजे अल्बममधून सुटं विकायला काढलेलं गाणं, ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ब्रिटनमध्ये ११ व्या क्रमांकावर पोचलं. त्यानंतरची सिंगल्स घसरतच गेली: ‘मेड इन हेवन’ ५७, ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ ५०, ‘लव्ह मी लाइक देअर्स नो टुमॉरो’ ७६. ज्या माणसाच्या बँडची गाणी जगभर स्टेडियमभर लोक म्हणत होते, त्याच्यासाठी हे आकडे फार लहान होते.

म्हणजे भिंती त्याच होत्या आणि काचेपलीकडचा माणूसही तोच होता. नव्हते ते फक्त क्वीनमधले बाकीचे तिघे: गिटारवरचा ब्रायन मे, ड्रमवरचा रॉजर टेलर आणि बेसवरचा जॉन डीकन. अल्बमच्या कव्हरवरच्या आभारांत फ्रेडीने या तिघांचा उल्लेख केला आहे, आणि आभार मानलेत ते त्यांनी मध्ये ढवळाढवळ केली नाही याबद्दल. त्याने ते थट्टेत लिहिलं असेल, पण मला हा अल्बम समजायला ती ओळ फार उपयोगी पडली. ही ढवळाढवळच क्वीनच्या गाण्याचा कणा होती. ती काढून घेतल्यावर काय उरतं, ते या एक्केचाळीस मिनिटांत ऐकू येतं.

ढवळाढवळ म्हणजे नक्की काय, ते आता वाद्यांच्या भाषेत बघू.

ड्रमपासून सुरुवात करतो. इथे वाजवलंय कर्ट क्रेसने. हा जर्मनीतला नावाजलेला ड्रमर, जॅझ-रॉकमध्ये तयार झालेला, हात अतिशय स्वच्छ. त्याच्या कामात खोट काढायला जागाच नाही, आणि तरीही ताल कागदावर आखल्यासारखा वाटतो. क्वीनची कुठलीही मोठी रॉक रचना घ्या आणि फक्त रॉजर टेलरकडे लक्ष द्या. स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या मधल्या ड्रमवर, ठोका मारताना त्याच क्षणी हाय-हॅट ही झांजांची जोडी किंचित उघडायची त्याची सवय आहे. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला एक फुसकारा मिळतो, ठोका मोठा आणि थोडा रानटी होतो. फ्रेडीचा आवाज मुळात नाटकी, भरजरी. त्याच्याखाली असा ओबडधोबड ठोका असला की त्या भरजरीपणाला वजन येतं. ‘मिस्टर बॅड गाय’मध्ये आवाजही गुळगुळीत आणि तालही गुळगुळीत, त्यामुळे कानाला कुठे पकडायला काही मिळत नाही.

बेसवर स्टेफान व्हिस्नेट आहे. तो याच स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं कामही करत होता. बेस नीट आहे, सुरात आहे, जागच्या जागी आहे. जॉन डीकनचं मोठेपण मात्र तो काय वाजवत नाही यात होतं. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आठवा. त्या गाण्याची सगळी ताकद दोन स्वरसमूहांमधल्या रिकाम्या जागेत आहे, आणि तेही याच तळघरात मॅकनेच मुद्रित केलं होतं. फ्रेडीच्या अल्बममध्ये रिकामी जागा जवळजवळ सापडत नाही. जिथे म्हणून श्वास घ्यायला वाव आहे, तिथे सिंथसायझरचा लांब सूर पसरलेला आहे.

सगळ्यात मोठी उणीव गिटारची. पॉल व्हिन्सेंट हा उत्तम वादक आणि त्याला दिलेल्या जागा त्याने चोख भरल्या आहेत. पण त्याला बोलावलं होतं ते साथीला. ब्रायन मे साथीला कधीच नव्हता. वडिलांसोबत घरी बनवलेली ती गिटार, तारा छेडायला पिकऐवजी सहा पेनीचं नाणं, समोर व्हॉक्स एसी-३० ॲम्प्लिफायर, या सगळ्यातून निघणारा त्याचा सूर माणसाच्या गळ्याच्या पट्टीतच फिरतो. म्हणून क्वीनच्या गाण्यात फ्रेडी एक ओळ म्हणतो आणि गिटार त्याला उत्तर देते, कधी विरोधही करते. लावणीतल्या सवाल-जवाबात जी रंगत असते, तीच इथे आहे. एकाने टाकलेला पेच दुसऱ्याने सोडवायचा आणि आपला नवा पेच टाकायचा. ‘मिस्टर बॅड गाय’मध्ये फ्रेडीच सवाल करतो आणि जवाबही त्याचाच असतो.

हे शब्दशः खरं आहे ते कोरसमध्ये. क्वीनमध्ये फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर हे तिघे मिळून स्वरांचे थर रचायचे. तिघांच्या आवाजाचा पोत वेगळा. रॉजरचा उंच आणि खरखरीत, ब्रायनचा मऊ आणि जरा पोकळ, फ्रेडीचा मधोमध लखलखता. एकच ओळ तिघांनी एकत्र गायली की उच्चारांत, श्वासांत, स्वर लावण्याच्या ढबीत सूक्ष्म फरक पडतात, आणि त्या फरकांमुळे कोरस रुंद होतो. एकाच गायकाने स्वतःवर स्वतःचेच दहा थर चढवले तर तसं होत नाही. कंप तोच, उच्चार तोच, श्वास घ्यायची जागाही तीच. थर वाढतात तसा आवाज दाट होत जातो, रुंद होत नाही. मिक्स करताना हे फार जाणवतं. कितीही डावी-उजवीकडे पसरवा, मधोमध एक गोड गोळा राहतोच. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’चा मूळ कोरस हेडफोनवर ऐका म्हणजे मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट गाणी निवडण्याची. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहायचे आणि चौघांनीही मोठी यशस्वी गाणी दिली. ‘द वर्क्स’मध्ये नऊ गाणी आहेत. त्यात फ्रेडीची एकट्याची तीन, आणि एक ब्रायनसोबत. ‘रेडिओ गा गा’ रॉजरचं, ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ जॉनचं, ‘हॅमर टू फॉल’ ब्रायनचं. म्हणजे फ्रेडीला तिघांच्या गाण्यांशी झगडून आपली तीन-चार गाणी अल्बमवर चढवावी लागत होती. साहजिकच त्याची सगळ्यात दमदार गाणीच पुढे यायची. ‘मिस्टर बॅड गाय’मध्ये अकराच्या अकरा गाणी त्याचीच आहेत. त्यातल्या चार गाण्यांच्या शीर्षकातच प्रेम किंवा प्रियकर आहे, आणि उरलेल्यांपैकी बरीचशी त्याच भावनेभोवती फिरतात. प्रेमाची भूक, प्रेम हातून निसटणं, एकटेपण. विषय खरे आहेत, त्याच्या आयुष्यातून आलेले आहेत. पण मध्ये कुणीतरी रेडिओवर, युद्धाच्या भीतीवर किंवा निव्वळ धांगडधिंग्यावर लिहिलेलं गाणं आलं असतं, तर पुढच्या प्रेमगीताची धार वाढली असती. ‘फूलिन अराउंड’ आणि ‘युअर काइंड ऑफ लव्हर’ ही दोन गाणी क्वीनच्या बैठकीत टिकली नसती असं मला ठामपणे वाटतं.

मग मॅक काय करत होता? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या गायकाच्या बाबतीतही तोच उद्या उभा राहणार आहे. बँडसोबत काम करताना निर्मात्याला तोल सांभाळायचा असतो. चौघांची चार मतं असतात, त्यामुळे त्याच्या मताला आपोआप जागा मिळते. दोघे विरुद्ध दोघे असा पेच पडला की सगळे त्याच्याकडे बघतात. एकाच कलाकारासोबत बसला की परिस्थिती बदलते. गाणी त्याची, अल्बमवर नाव त्याचं, कंपनीशी करार त्याचा, आणि इथे तर निर्मितीतही तो बरोबरीचा. अशा वेळी निर्माता सुचवू शकतो, अडवू शकत नाही. शिवाय हे काम दोन वर्षं तुकड्या-तुकड्यांत चाललं. मध्ये ‘द वर्क्स’ झाला, त्याचा दौरा झाला. सलग काही आठवडे एकाच ध्यासात बसून केलेल्या अल्बमला जो एकसंध रंग येतो, तो अशा कामाला येणं कठीण.

थोडं मागे जाऊन बघितलं तर या अल्बमचं बी १९८२ मध्येच पडलेलं दिसतं. ‘हॉट स्पेस’मध्ये क्वीन नृत्यसंगीताकडे वळली होती. ‘बॉडी लँग्वेज’मध्ये गिटार जवळजवळ नाहीच. ती दिशा ब्रायन आणि रॉजरला रुचली नव्हती, हे दोघांनी पुढे उघडपणे सांगितलं आहे. ‘द वर्क्स’मध्ये बँड पुन्हा रॉककडे वळली. फ्रेडीला मात्र म्युनिकच्या क्लबांमधलं ते संगीत मनापासून आवडत होतं. ‘मिस्टर बॅड गाय’ हा ‘हॉट स्पेस’च्याच रस्त्याने पुढे गेलेला प्रवास आहे, फक्त ब्रेक लावणारे सोबत नाहीत. सत्तरच्या दशकात ज्या बँडच्या कव्हरवर ‘सिंथसायझर वापरलेला नाही’ असं अभिमानाने छापलं जायचं, तिचा गायक इथे सिंथसायझरमध्ये पूर्ण बुडालेला दिसतो. सिंथसायझरला माझा आक्षेप नाही. या अल्बमवर तो वाजवणारा फ्रेड मँडेल त्यातला वाकबगार माणूस. ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’मधला तो गाजलेला सोलो त्याचाच. पण तिथे तो सोलो मोजक्या काळापुरता येतो आणि म्हणून चमकतो. इथे पाहुण्यालाच घर सांभाळायला दिलंय.

हे सगळं मी नुसत्या तर्काने मांडत असतो तर तुम्ही ‘हे तुमचं मत’ म्हणून सोडून देऊ शकला असता. पण या बाबतीत आपल्याकडे पुरावा आहे, आणि असा पुरावा संगीतात क्वचित मिळतो. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला. उरलेल्या तिघांनी १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ हा क्वीनचा अल्बम पूर्ण केला. त्यात त्यांनी ‘मिस्टर बॅड गाय’मधली दोन गाणी घेतली: ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’. आवाज १९८५ चाच ठेवला आणि भोवतीचं संगीत नव्याने वाजवलं. म्हणजे गायन तेच, चाल तीच, शब्द तेच, बदलली ती फक्त सोबत.

दोन्ही लागोपाठ ऐका. मूळ ‘मेड इन हेवन’ चार मिनिटं पाच सेकंदांचं आहे, क्वीनचं पाच मिनिटं पंचवीस सेकंदांचं. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ तीन मिनिटं अडतीस सेकंदांवरून चार मिनिटं एकोणपन्नास सेकंदांवर गेलं. दोन्ही गाणी मिनिटापेक्षा जास्त वाढली, आणि वाढली कुठे ते बघा. गिटारच्या उत्तरांसाठी, ड्रमच्या चढत्या ठोक्यांसाठी, आवाज येण्याआधीच्या प्रतीक्षेसाठी जागा केली गेली. मूळ ‘मेड इन हेवन’मध्ये फ्रेडी दैवाबद्दल गातो आणि खालची सिंथ त्याला मान डोलावत राहते. क्वीनच्या आवृत्तीत रॉजरचे ठोके आणि ब्रायनचे जड स्वर त्या शब्दांच्या अंगावर येतात, आणि फ्रेडीला त्यांच्या वर चढून गावं लागतंय असं वाटतं. प्रत्यक्षात तो दहा वर्षांपूर्वीच गाऊन गेला होता! एकही स्वर बदललेला नसताना गायन जास्त धाडसी वाटायला लागतं. तरुण साउंड इंजिनीअरना मी ही दोन रेकॉर्डिंग आवर्जून ऐकायला सांगतो.

‘लिव्हिंग ऑन माय ओन’ची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. १९८५ मध्ये ५० व्या क्रमांकावर थांबलेलं हे गाणं ‘नो मोअर ब्रदर्स’ नावाच्या रिमिक्स करणाऱ्यांनी १९९३ मध्ये नव्याने बांधलं. त्यांनी गिटार वगैरे काही आणलं नाही. सरळ क्लबमधल्या नाचाचा कोरडा ताल खाली घातला आणि आवाज मोकळा सोडला. गाणं ऑगस्ट १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. या गाण्यात फ्रेडी मध्येच शब्द सोडून नुसत्या अक्षरांशी खेळतो, जॅझमधल्या स्कॅट गायनासारखा. १९८५ च्या मिक्समध्ये ते गर्दीत हरवतं, रिमिक्समध्ये तेच गाण्याचं आकर्षण होतं. म्हणजे या गाण्यांना रॉक हवं होतं असं माझं म्हणणं नाही. क्वीनने एक दिशा घेतली, रिमिक्सवाल्यांनी दुसरी, आणि दोन्हीकडे गाणं उजळलं. १९८५ चं रूप या दोन्हींच्या अधेमध्ये राहिलं, नाचायला पुरेसं निर्दय नाही आणि रॉक म्हणून पुरेसं जड नाही.

फ्रेडीची बँडबाहेरची बाकी कामं बघा, चित्र आणखी स्पष्ट होतं. १९८४ चं ‘लव्ह किल्स’ मोरोडरसोबत होतं, ‘मेट्रोपोलिस’ या जुन्या मूकपटाच्या नव्या आवृत्तीसाठी. ते ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर गेलं, म्हणजे ‘मिस्टर बॅड गाय’मधल्या प्रत्येक सिंगलच्या वर. १९८७ मध्ये त्याने ‘द ग्रेट प्रिटेंडर’ गायलं. पन्नासच्या दशकातलं, दुसऱ्याने लिहिलेलं गाणं. ते चौथ्या क्रमांकावर पोचलं. आणि मग १९८८ चा ‘बार्सेलोना’. तिथे समोर मोन्सेरात कबाये ही स्पेनची ऑपेरा गायिका आणि सोबत माइक मोरन. या अल्बममध्येही वाद्यवृंदाचा बराचसा भाग सिंथसायझरवरच होता, ‘मिस्टर बॅड गाय’इतकाच कृत्रिम. तरीही तो अल्बम श्वास रोखून ऐकावासा वाटतो, कारण समोर कबायेंचा आवाज आहे आणि फ्रेडीला त्या आवाजापुढे स्वतःला सिद्ध करायचं आहे. समोर बरोबरीचं माणूस आलं की तो पेटून उठायचा. एकट्याला सगळी मोकळीक मिळाली तेव्हाच तो सैल पडला.

इथे मला पाचगणी आठवते, आणि आपल्या वाचकांनाही आठवेल. झांझिबारमध्ये जन्मलेला हा मुलगा, तेव्हाचा फारूख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथे मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. त्या बँडमध्ये तो मुख्य गायक नव्हता, पियानो वाजवायचा. दुसऱ्याच्या गाण्यात आपली जागा शोधत शोधत तो घडला, आणि क्वीनमध्येही पंधरा वर्षं त्याने तेच केलं.

एक गैरसमज दूर करायला हवा. २०१८ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या चित्रपटात फ्रेडीच्या स्वतंत्र करारामुळे बँड फुटते आणि ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या जंगी मैफलीसाठी पुन्हा एकत्र येते असं दाखवलंय. तसं घडलं नव्हतं. स्वतंत्र अल्बम करणारा क्वीनमधला पहिला माणूस रॉजर टेलर. त्याचा ‘फन इन स्पेस’ १९८१ चा. ब्रायनने १९८३ मध्ये अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलनसोबत ‘स्टार फ्लीट प्रोजेक्ट’ केला. जानेवारी १९८५ मध्ये क्वीन रिओच्या महोत्सवात वाजवत होती, आणि फ्रेडीचा अल्बम दुकानात येत होता तेव्हा चौघे मिळून ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या दौऱ्यावर होते. १३ जुलैला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ झाला. अल्बम अडीच महिन्यांचा होता, जग बघत होतं, तरी त्या वीस-एकवीस मिनिटांत फ्रेडीने त्यातलं एकही गाणं घेतलं नाही. स्वतंत्र दौराही त्याने कधी काढला नाही. म्हणजे ही गाणी लोकांसमोर घासून निघालीच नाहीत. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन्स’चा गायक मिक जॅगर याचाही पहिला स्वतंत्र अल्बम आला, फ्रेडीच्याच सीबीएस कंपनीकडून, आणि ब्रिटनमध्ये तोही सहाव्याच क्रमांकापर्यंत गेला. जॅगरच्या त्या करारावरून त्याच्या बँडमधल्या कीथ रिचर्ड्सशी मोठी कटुता आली. फ्रेडीच्या घरात तसं काही झालं नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

अमेरिकेतल्या १५९ व्या क्रमांकाचा दोष मात्र सगळा या अल्बमवर टाकू नका. ‘हॉट स्पेस’नंतर क्वीनचीच तिथली पकड सुटली होती.

एक हुकलेली संधीही सांगतो. ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’ हे गाणं फ्रेडीने मायकल जॅक्सनसोबत मुद्रित करायला घेतलं होतं. ते तेव्हा पूर्ण झालं नाही आणि अल्बममध्ये फ्रेडी एकटाच गातो. शब्द भाबडे आहेत, जगात एवढा द्वेष का, अशा धाटणीचे, आणि एकट्याच्या तोंडी ते प्रवचनासारखे वाटतात. दोघांच्या आवाजातली आवृत्ती २०१४ मध्ये ‘क्वीन फॉरेव्हर’मध्ये आली. तेच भाबडे शब्द दोन माणसं एकमेकांना सांगताना ऐकले की पटायला लागतात.

आता अल्बममधलं काय ऐकावं? शीर्षकगीत जरूर ऐका. रायनर पीचने रचलेला खराखुरा वाद्यवृंद इथे फ्रेडीच्या अंगावर चाल करून येतो आणि अल्बमभर हरवलेला विरोध थोडा वेळ सापडतो. ‘मॅन मेड पॅराडाइज’मध्ये नाट्य आहे, गिटारलाही जरा मोकळीक आहे. ‘माय लव्ह इज डेंजरस’ रेगेच्या ठेक्यावर सुरू होऊन पुढे रॉकमध्ये झेपावतं. ती झेप मला फार आवडते, फक्त ती यायला उशीर होतो. शेवटचं ‘लव्ह मी लाइक देअर्स नो टुमॉरो’ पियानोवरचं साधं गाणं म्हणून सुंदर आहे. पहिलं ‘लेट्स टर्न इट ऑन’ वगळलंत तरी चालेल.

तुमच्या गायकाबद्दल. त्याला अडवू नका. बँडबाहेर जाऊन काम करण्याची ओढ निरोगी असते आणि ती दाबली की बँडमध्येच सडते. पण काम सुरू करण्याआधी त्याला एक माणूस ठरवायला सांगा, ज्याला गाणं फेटाळायचा अधिकार असेल. नुसतं मत देण्याचा नाही, फेटाळण्याचा. तो माणूस निर्माता असेल तर त्याला निर्मितीत भागीदार करण्यापेक्षा निर्णय त्याच्या हातात सोपवलेला बरा. वीसेक गाणी लिहून आठ निवडावीत, आणि निवड दुसऱ्याने करावी. भाड्याने आणलेल्या वादकांना स्वरलिपीचा कागद हातात देऊन ‘एवढंच वाजवा’ म्हणू नये. किमान दोन गाण्यांत त्यांना चाल मोडायची मुभा द्यावी. कोरसमध्ये स्वतःचेच थर चढवण्याआधी दोन वेगळे आवाज बोलवावेत, भले ते कमी सुरेल असोत. आणि सगळे एका खोलीत बसून वाजवू शकत असतील तर तसंच मुद्रण करावं. लॅपटॉपवर रात्री एकट्याने एकावर एक ट्रॅक रचत जाणं आज फार सोपं झालंय. त्या सोयीत नेमकी तीच गोष्ट निसटते जी म्युनिकमध्ये निसटली होती.

बँडमधल्या तुम्हा बाकीच्यांसाठीही एक काम आहे. तो डेमो घेऊन आला आणि मत विचारलं, तर ‘मस्त झालंय’ म्हणून मोकळे होऊ नका. कोरस कुठे लांबलाय, कुठली ओळ उसनी वाटते, ते तोंडावर सांगा. त्याला ते एक-दोन दिवस झोंबेल.

कुठली आवृत्ती घ्यायची तेही सांगून ठेवतो. २०१९ मध्ये जस्टिन शर्ली-स्मिथ आणि जोशुआ मॅक्रे यांनी मूळ मल्टिट्रॅक टेपवरून, म्हणजे प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळा मुद्रित केलेल्या टेपवरून, पूर्ण अल्बम नव्याने मिक्स केला. ते मिक्स जास्त स्वच्छ आहे, आवाज पुढे आलाय, ऐंशीच्या दशकातला धुरकट रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, कमी झालाय. मिक्सने जेवढं सुधारता येतं तेवढं तिथे सुधारलंय. गाण्यांची बांधणी मात्र बदललेली नाही आणि ती बदलणं मिक्सच्या हातात नसतंच. म्हणून मी सांगेन, आधी २०१९ चं ‘मेड इन हेवन’ ऐका, मग लगेच १९९५ चं, हेडफोन लावून, शक्यतो तुमच्या गायकाला शेजारी बसवून.